वेळूला पर्याय नाही

माझं लग्न आजवर पाच वेळा लागलं आहे आणि त्यांतल्या चार वेळा वधूच्या जागी व्हॅक्यूम क्लीनर होता. पाचव्या वेळी बायको होती, ती अजून आहे. पहिली चारही लग्नं ऑकलंडच्या मनुरेवातल्या एका गॅरेजमध्ये लागली. लावणारे गृहस्थ त्या गॅरेजचे मालक, मी त्यांचा भाडेकरू. शनिवारी गावात कुणाचं लग्न असलं की शुक्रवारी संध्याकाळी त्याची तालीम माझ्यावर होत असे. स्टुडंट व्हिसावर आलेल्या माणसाच्या अंगात नाही म्हणायचं बळ नसतं, आणि तालमीनंतर गरम पिठलं-भात मिळत असे.

सगळं मराठी ऑकलंड त्यांना गुरुजी म्हणायचं. सोमवार ते शुक्रवार ते ईस्ट टामाकीतल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे आणि शनिवार-रविवार सत्यनारायण, वास्तुशांत, मुंजी, लग्नं. दोन्ही कामांच्या मधली भिंत त्यांच्याकडे कधी नव्हतीच. सप्तपदीच्या वेळी ते नवराबायकोला हाताने खुणा करत, "लेफ्ट, अजून लेफ्ट, हां, सावकाश, स्टॉप." होमापासून मागे सरकताना तोंडाने बारीक टीं-टीं आवाज करत. हिवाळ्यात सोवळ्यावर कामावरचं पिवळंधम्मक जॅकेट चढवत. कुणी हसलं तर म्हणत, "देवाला दिसलं पाहिजे ना रे माणूस. तो वरून बघतो."

ते मूळचे नाशिककडचे. वडील भिक्षुक होते. "भिक्षुकी नको म्हणून पुण्याला पळालो, फिटर झालो," ते सांगत. "तिथेही पत्ता काढत लोक यायला लागले म्हणून समुद्र ओलांडला. इथे आलो आणि पहिल्याच महिन्यात शेजारच्याने विचारलं, सत्यनारायण येतो का? आता येतो तर येतो. खोटं कसं बोलू?" म्हणजे ज्या गोष्टीपासून हा माणूस आयुष्यभर पळाला ती गोष्ट त्यांच्याआधी विमानतळावर येऊन उभी होती. मला वाटतं, त्या पहिल्या सत्यनारायणाला त्यांना मजा आली असावी. ते कबूल मात्र करत नसत.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "शास्त्रात सोय आहे." आंब्याची पानं मिळत नाहीत? फिजोआची लावा, शास्त्रात सोय आहे. समिधा नाहीत? बार्बेक्यूच्या दुकानात मानुकाची लाकडं मिळतात. दूर्वांच्या ऐवजी लॉनमधलं किकुयू गवत मी स्वतः गणपतीला वाहिलेलं आहे. होम सुरू करण्याआधी ते स्टुलावर चढून छतावरच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालत आणि तेवढ्याच गंभीरपणे खाली उतरून आचमन करत. मला बरेच दिवस तोही विधीचा भाग वाटत होता.

आणि कशाचीच सोय झाली नाही तर अक्षता होत्या. पूजेत वस्त्र नसलं तर वस्त्राच्या जागी अक्षता वाहतात, अलंकार नसले तर अलंकारांच्या जागी अक्षता, हे सगळ्यांनाच माहीत असतं. गुरुजींनी ते फार पुढे नेलं होतं. एका साखरपुड्याला मुलाच्या काकांचं विमान चुकलं, तर गुरुजींनी काकांच्या खुर्चीवर चार अक्षता ठेवल्या आणि कार्यक्रम पुढे नेला. नंतर काकूंनी त्या खुर्चीकडे बघून, ह्यांच्यापेक्षा शांत आहेत, असं म्हटल्याचं मी ऐकलं आहे. गुरुजींच्या शर्टाच्या वरच्या खिशात कुंकू लावलेल्या अक्षता कायम असत. गोदामात कुणाची नवी गाडी आली, कुणी परीक्षा पास झालं, की हात खिशात जायचाच. त्यांचा सामोअन सुपरवायझर दर सोमवारी त्यांच्यापुढे डोकं वाकवून उभा राहायचा.

सोय नसलेल्या गोष्टी त्यांच्या जगात दोनच होत्या. पहिली म्हणजे विमानतळावरचं डिक्लेरेशन. भारतातून येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांचा फोन जायचा, "चिवडा सांग, लोणचं सांग, आईने बॅगेत लपवलेलं तूप सांग. सगळं सांग. ह्या देशाने आपल्याला घेतलं, आपण त्याच्या झाडांना कीड लावायची नाही." ते स्वतः एकदा जानवंसुद्धा डिक्लेअर करून आले होते, कापूस म्हणून.

दुसरी म्हणजे वेळू, म्हणजे आपला बांबू. लग्नाच्या शेवटी झाल असते. वेळूच्या टोपलीत कणकेचे दिवे लावायचे, ती टोपली मुलाच्या आईवडिलांच्या डोक्यावर धरायची आणि मुलीच्या बापाने मंत्रातून म्हणायचं की ही आठ वर्षांची मुलगी मी लाडाने वाढवली, आता तुमच्या मुलाला दिली, तुम्ही तिला प्रेमाने सांभाळा. ह्या टोपलीला मात्र पर्याय चालत नसे. "वेळू म्हणजे वंश," ते म्हणत, "वंश काय प्लास्टिकचा असतो?" एका यजमानाने बॉटनी डाउन्सच्या मॉलमधून धुण्याच्या कपड्यांची बास्केट आणली, तेव्हा झाल रद्द झाली. गुरुजींकडे एक जुनी टोपली होती, ती वर्षानुवर्षं सगळ्या लग्नांना फिरली आणि शेवटी एका उत्साही वरबापाच्या टकलावर तिचं बूड निघालं.

नेमका तेव्हाच गुरुजींच्या मुलीने लग्न ठरवलं.

मुलगी इथेच वाढलेली, फिजिओथेरपिस्ट, बापासारखीच हट्टी. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मला ती दादा म्हणते, कारण मी गॅरेजमध्ये राहत असताना तिची गणितं मी सोडवली आहेत. मुलगा गोरा, सुतारकाम करणारा. त्याची आई पुकेकोहेला कांद्याची शेती करते. लग्न तिच्या शेतावर, सेलिब्रंट म्हणजे सरकारमान्य लग्न लावणारा माणूस बोलावून, अर्ध्या तासात उरकायचं होतं. ऑकलंडमधल्या निम्म्या लग्नांत ज्यांनी मंगलाष्टकं म्हटली त्या गुरुजींना स्वतःच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांसारखं खुर्चीत बसावं लागणार होतं. हे त्यांना किती लागलं होतं ते सांगायला नको. ते नुसते रोज एक विधी मुलीला ईमेल करत राहिले.

शेवटी तिने एकाला होकार दिला. "वन रिच्युअल, बाबा. टेन मिनिट्स." त्यांनी झाल निवडली.

तिने मंत्राचा अर्थ विचारला आणि ठिणगी पडली. "आठ वर्षांची? आय'म थर्टी-वन. आणि गिव्हन म्हणजे काय? मी पार्सल आहे का?"

"गिव्हन काढतो," गुरुजी म्हणाले. "आठ राहू दे."

"व्हाय?"

का ते मला माहीत होतं, आणि मला वाटतं तिलाही होतं. तिची आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्यानंतर तिच्या वेण्या घालायला फोर्कलिफ्टवाले हात शिकले, आणि दोन्ही वेण्या कधी सारख्या आल्या नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच संध्याकाळी मला फोन आला. "दादा, प्लीज, त्यांना कुठेतरी घेऊन जा. जस्ट अ वीक. मी वेडी होईन." इथल्या मराठी मंडळाची थायलंडची सहल निघतच होती. तिने दोघांची तिकिटं काढली आणि बापाला सांगितलं की तिथे बांबूच्या टोपल्यांचं गाव आहे. गुरुजी तासाभरात बॅग भरून तयार.

ते गाव चियांग माईहून दिवसभराच्या सहलीचं. सकाळी बसने जायचं, कागदी छत्र्या, रेशीम, चांदी, बांबू असं सगळं बघायचं, जेवायचं, संध्याकाळी परत. हस्तकलेचं पारंपरिक गाव म्हणून आम्हाला दाखवलं ते खरं तर एका लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेड, आणि प्रत्येक शेडच्या शेवटी दुकान. आमच्या बायका रेशमात शिरल्या त्या दिसेनाशाच झाल्या. पुरुष छत्रीवाल्यांकडून मोबाइलच्या कव्हरवर ड्रॅगन काढून घेत उभे राहिले. गुरुजी टोपल्यांच्या दुकानात गेले आणि दोन मिनिटांत तोंड पाडून बाहेर आले. सगळ्या टोपल्यांना व्हार्निश. कुणाला झाकण, कुणाला कड्या, एकीत तर दिव्याचा होल्डर बसवलेला.

"ही फळं ठेवायची भांडी आहेत रे. वंश कुठेय ह्यात?"

ते दुकान ओलांडून मागे गेले. तिथे एका झाडाखाली रेडिओ लावून एक म्हातारी बाई पाय पसरून टोपली विणत बसली होती. कच्चा, हिरवट बांबू, पसरट बूड, उथळ कड. गुरुजी तिच्यासमोर उकिडवे बसले. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. गुरुजींनी बोटाने टोपली दाखवली. बाईने दुकान दाखवलं. गुरुजींनी मान हलवली आणि तिच्या शेजारची एक पुरी झालेली टोपली उचलून सरळ माझ्या डोक्यावर धरली. मग कशासाठी हवी ते तिला कळावं म्हणून त्यांनी झालीचा मंत्र म्हटला. संपूर्ण, खड्या आवाजात, आठ वर्षांसकट.

बाईने रेडिओ बंद केला आणि हात जोडले.

पुढचं सगळं गुरुजींच्या खिशामुळे झालं. हात जोडलेलं माणूस समोर आलं की त्यांच्या हातून अक्षता पडतातच. तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या, तिने शेजारणीला हाक मारली. शेजारीण सुनेला घेऊन आली. सून तान्हं मूल घेऊन आली. बघता बघता झाडाखाली रांग लागली आणि मी रांगेच्या सुरुवातीला, डोक्यावर टोपली घेऊन, देवळाच्या खांबासारखा उभा. टोपली खाली ठेवायची सोय नव्हती, कारण प्रत्येकाला आधी माझ्या डोक्यावरून आणि मग स्वतःच्या डोक्यावरून अक्षता हव्या होत्या. एक पोलीस आला, मला वाटलं आता संपलं, त्याने टोपी काढून डोकं पुढे केलं.

"गुरुजी, बस हॉर्न मारतेय."

"मारू दे. लोक उभे आहेत."

मंडळाच्या सेक्रेटरीबाई तावातावाने आल्या. ह्या खेळखंडोब्यापायी सगळ्यांचं जेवण हुकणार आहे असं म्हणाल्या, आणि आल्याच आहेत तर म्हणून त्याही रांगेत उभ्या राहिल्या. शेवटी म्हातारीने माझ्या डोक्यावरची टोपली उतरवून गुरुजींच्या हातात दिली आणि त्यांच्या मनगटाला एक पांढरा दोरा बांधला, ओठांत काहीतरी पुटपुटत. गुरुजी बघतच राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांना दोरे बांधले होते. त्यांच्या मनगटाला कुणी बांधलेला मी तरी तो पहिलाच पाहिला. बसमध्ये सगळे भुकेले लोक आमच्याकडे रागाने बघत होते आणि हे दोऱ्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "बाईंचा मंत्र लहान होता. पण सूर पक्का."

परतीच्या आधी हॉटेलच्या बाथरूममध्ये त्यांनी टूथब्रशने टोपली घासली. विमानात ती मांडीवर. ऑकलंडला उतरल्यावर डिक्लेरेशनमध्ये जे सांगता येईल ते सगळं सांगितलं, टोपली, दोरा, खोबरेल तेल, लाकडी कंगवा. माझ्या बुटांच्या तळव्यांचीही त्यांनी तपासणी केली. एवढं करून आम्ही रांगेत उभे राहिलो, आणि बायोसिक्युरिटीचा छोटा कुत्रा येऊन गुरुजींच्या पायाशी शांतपणे बसला.

"शहाणा आहे," गुरुजी म्हणाले.

अधिकारी मुलगी तरुण होती. "सर, खिशात काय आहे?"

गुरुजींनी खिशात हात घातला आणि नेहमीच्या सवयीने चिमूट बाहेर काढली. नशीब, तिच्या डोक्यावर टाकली नाही.

"इज दॅट राइस?"

"वॉज राइस," गुरुजी म्हणाले. "नाऊ अक्षता."

"व्हॉट्स द डिफरन्स?"

"ब्लेसिंग."

तिने ते नीट ऐकून घेतलं. टिंगल केली नाही, हे तिचं मोठेपण. "सर, तरीही तो तांदूळच आहे," ती म्हणाली. मग तिने टोपली दिव्याखाली धरली. विणीच्या फटीफटीत लाल दाणे अडकलेले होते, त्या झाडाखालचे.

दंड जागच्या जागी झाला. अक्षता पारदर्शक पिशवीत गेल्या आणि पिशवीवर तिने लिहिलं, राइस, कलर्ड. टोपलीचं मात्र अडलं. धान्य आणि कच्चा बांबू, म्हणजे एकतर नष्ट करायची नाहीतर प्रक्रियेला पाठवायची. प्रक्रियेला किती दिवस लागतील ते ती सांगू शकत नव्हती. लग्न शनिवारी होतं. गुरुजींनी प्रक्रियेला पाठवली आणि त्या अधिकारी मुलीला थँक यू म्हटलं.

गाडीत ते दंडाची पावती हातात धरून बसले. मी म्हटलं, "अहो, साधा दंड आहे. लोक सॉसेज आणतात बॅगेत."

"दंडाचं नाही रे. तिचं बरोबर होतं." मनुरेवाचं वळण आलं तेव्हा म्हणाले, "सगळ्यांना डिक्लेअर करायला सांगतो मी. आणि हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या लेखी तो तांदूळ नव्हताच. तीस वर्षं लोकांच्या डोक्यावर मी नक्की काय टाकत आलो?"

एरवी मी असल्या वेळी काहीतरी टोमणा मारला असता. देवाधर्माशी माझं फारसं पटत नाही आणि ते गुरुजींना ठाऊक होतं. त्या दिवशी मी गाडीच चालवत राहिलो. घरी आल्यावर त्यांनी शर्टाचा खिसा उलटा करून झटकला. त्या आठवड्यात सुपरवायझर सोमवारी डोकं वाकवून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला, असं गोदामातून कळलं.

मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. कुत्रा, पिशवी, पिशवीवर लिहिलेलं. ती हसली नाही. "अँड द बास्केट?" एवढंच म्हणाली.

शुक्रवारी दुपारी निरोप आला आणि मी विमानतळाजवळच्या एका शेडमधून टोपली घेऊन आलो. भट्टीत तापवून ती तांबूस झाली होती, एका बाजूने थोडी वाकली होती, आणि कडेला सरकारी स्टिकर होता. मी तो काढायला गेलो तर गुरुजींनी हात धरला. "राहू दे. वंश सर्टिफाइड आहे."

लग्न छान झालं म्हणजे लवकर झालं. सेलिब्रंटने सगळ्यांना माओरीत किया ओरा म्हटलं, नवराबायकोने एकमेकांसाठी लिहून आणलेलं वाचलं, टाळ्या. मग गुरुजी धोतर सावरत टोपली घेऊन उठले. दिवे लावले आणि वाऱ्याने विझवले. पुन्हा लावले, पुन्हा विझवले. सोय निघेना. तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "कम इनटू द शेड, लव्ह," आणि सगळं लग्न कांद्याच्या शेडमध्ये गेलं. छतापर्यंत कांदे, मध्ये उभी केलेली फोर्कलिफ्ट. गुरुजींनी तिच्याकडे ओळखीच्या नजरेने पाहिलं आणि त्यांना जरा धीर आला असावा.

विहीणबाईंनी हॅट काढली. गुरुजींनी टोपली त्यांच्या डोक्यावर धरली आणि मंत्र सुरू केला. पहिलाच शब्द आठ वर्षांचा. तो म्हटला आणि पुढचा आला नाही. शेकडो लग्नांत म्हटलेला मंत्र, झोपेत म्हणतील असा, आणि हा माणूस ओठ हलवत नुसता उभा.

मुलगी पुढे आली. तिने बापाच्या हातातून टोपली घेतली. मला वाटलं, झालं, दहा मिनिटं संपली. तिने दिव्यांसकट ती टोपली बापाच्याच डोक्यावर ठेवली आणि सासूकडे वळून, सासूला एक अक्षर कळत नसताना, मराठीत म्हणाली, "मी आठ वर्षांची होती. तेव्हापासून ह्यांनी मला वाढवलं. एकट्यांनी. आता मी बाबांना तुम्हाला देते. त्यांना प्रेमानी सांभाळा." आणि मग तेच इंग्रजीत.

विहीणबाईंनी टोपलीची दुसरी कड धरली. "राइटो," त्या म्हणाल्या. "वी'ल टेक हिम. डझ ही ईट अनियन्स?"

"चातुर्मासात नाही," टोपलीखालून आवाज आला.

अक्षता टाकायची वेळ झाली आणि गुरुजींचा हात सवयीने खिशाकडे गेला, धोतरावर खिसा नव्हता, असता तरी रिकामाच असता. मुलीने सँडविचची एक पिशवी त्यांच्यापुढे धरली. आत तांदूळ, कुंकू जरा जास्तच झालेलं. पिशवीवर जाड मार्करने लिहिलं होतं, नॉट राइस.

त्यांनी ते वाचलं. मग मूठभर घेतल्या आणि लेकीच्या डोक्यावर टाकल्या, जावयाच्या, विहीणबाईंच्या, माझ्या, कांद्यांच्या, कुणालाही सोडलं नाही. सगळ्यांचेच डोळे वाहत होते आणि सगळेच कांद्याला दोष देत होते. नुसत्या सुक्या कांद्याने डोळ्यांत पाणी येत नाही हे विहीणबाईंनी मला नंतर सांगितलं.

आता दर रविवारी विहीणबाईंचा ट्रक मनुरेवाला येतो आणि गुरुजींना घेऊन जातो. त्यांनी ते वचन अक्षरशः पाळलं आहे. गुरुजी मागच्या सीटवर डबा घेऊन बसतात, नव्या नवरीसारखे.

लग्नाच्या दिवशी घरी सोडताना मी त्यांना विचारलं होतं, "गुरुजी, बापाची पाठवणी शास्त्रात आहे का हो?"

"नाही," ते म्हणाले. मनगटावरचा पांढरा दोरा त्यांनी दोनदा फिरवला, खिडकीबाहेर पाहिलं, नाक ओढलं.

"पण सोय आहे."